शेवरोले २३५, सरळ सहा सिलिंडर: बोरीच्या चढावर कार्बोरेटर शिंकतो. टायमिंग बघू की जेट?

कुळागरवाला | रविवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. वाचत बरेच दिवस आहे, लिहितोय पहिल्यांदाच.

आमच्याकडे आजोबांच्या वेळचा १९५७ चा शेवरोले ट्रक आहे. सुपारी, नारळ, चवथीला माटोळीचं सामान, कुणाच्या घराचे चिरे, सगळं त्याने वाहिलंय. इंजिन २३५ घन इंची, म्हणजे ३.९ लिटर, सहा सिलिंडर एका ओळीत. बारा व्होल्ट. कार्बोरेटर एका नळीचा, रॉचेस्टर बी. पंधरा वर्षं गोठ्याच्या बाजूला उभा होता. गेल्या वर्षी इंजिन उतरवून बाहेर कामाला दिलं. रिंगा, बेअरिंग, व्हॉल्व ग्राइंडिंग झालं, कार्बोरेटरला नवा किट बसला.

आता दुखणं. सेल्फ मारला की लगेच चालू होतो. आयडलला इतका शांत की टॅपेट कव्हरवर रुपया उभा राहतो (करून बघितलंय). पण बोरीचा पूल ओलांडून फोंड्याकडचा चढ लागला आणि मागे अर्धा टन चिरे असले, की तिसऱ्या गिअरमध्ये जीव जातो. अॅक्सिलरेटर पूर्ण दाबला की कार्बोरेटरमधून फट्, फट् शिंका सुरू. दुसऱ्यात घातला की रांगत वर येतो. परवा वर पोचेपर्यंत अंधार पडला होता, बॉनेट उघडलं तर एक्झॉस्ट मॅनिफोल्ड लालसर दिसत होता. घाबरलोच.

आतापर्यंत केलेलं: टाकी धुतली, पेट्रोलचा पाइप नवा, फ्लोट-निडल तपासलं, मिक्श्चर स्क्रू किमान वीस वेळा आत-बाहेर. फरक शून्य. काम केलेला गॅरेजवाला म्हणतो, "साठ-सत्तर वर्षांची गाडी, आणखी काय पाहिजे?"

जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोल मोजून सोडणारं भोक) मोठा करू का?

---

चढणीवरचा | रविवार, रात्री १०:०५

चिरे उतरवा, ट्रक चढेल. माझी फी चहा.

---

जोंगा३९५६ | रविवार, रात्री १०:३१

माझ्याकडे लष्कराच्या लिलावातली जोंगा आहे. निसानचं पेट्रोल इंजिन, ३९५६ सीसी, तेही सरळ सहाच, म्हणून तुमचं दुखणं ओळखीचं वाटतंय.

पहिली गोष्ट, तो मिक्श्चर स्क्रू सोडा. तो फक्त आयडलपुरता. थ्रॉटल उघडला की पेट्रोल मेन जेटमधून यायला लागतं आणि पूर्ण दाबल्यावर पॉवर व्हॉल्व उघडतो. चढावर त्या स्क्रूला कोणी विचारत नाही. वीस वेळा फिरवलात म्हणजे बंद नळाची चावी फिरवत बसलात. हलक्या हाताने पूर्ण आत घ्या, दीड फेरा बाहेर काढा आणि तूर्त विसरा.

जेटबद्दल मी म्हणेन, मोठा करून बघा. कार्बोरेटरमधून शिंका म्हणजे मिश्रण लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त), हा नियमच आहे. त्यात आजकालचं ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल.

---

मेस्तकाका_म्हापसा | सोमवार, सकाळी ६:५०

जोंगावाल्या बाबांची पहिली गोष्ट बरोबर. दुसरी अर्धी बरोबर.

मी पोरवयात गॅरेजला लागलो तेव्हा गोव्यात अजून लाकडी बॉडीच्या जुन्या करेर धावायच्या. (नवीन पोरांसाठी: करेर म्हणजे प्रवासी बस, शब्द पोर्तुगीज.) त्यातल्या कितीतरी शेवरोले नाहीतर फोर्ड. आमचा मेस्त कार्बोरेटरला हात लावू द्यायचा नाही. गिऱ्हाईक येऊन म्हणायचं "कार्बोरेटर खराब झालाय", मेस्त मान हलवायचा आणि सरळ डेल्कोची (प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरची) टोपी उघडायचा. दहातले आठ कार्बोरेटर त्या टोपीखालीच दुरुस्त व्हायचे.

शिंक लीनमुळे येते हे खरं. पण ठिणगी उशिरा पडली तरी येते. आग उशिरा लागली की उशिरापर्यंत धुमसते. एक्झॉस्ट व्हॉल्व उघडतो तेव्हाही ती जळतच असते, म्हणून मॅनिफोल्ड लाल. इनटेक उघडतो तेव्हा आत अजून विस्तव असतो, तो नव्या मिश्रणाला भेटला की फट्. तुम्ही लाल मॅनिफोल्ड लिहिलंत तिथेच माझं लक्ष अडकलं.

तेव्हा क्रम असा धरा. आधी टॅपेट. मग प्लग. मग पॉइंटचा (डेल्कोतल्या उघड-मीट करणाऱ्या संपर्कांचा) गॅप. मग टायमिंग (ठिणगी कधी पडते ते). कार्बोरेटर सगळ्यात शेवटी. गॅप टायमिंगच्या आधी, कारण गॅप बदलला की टायमिंग आपोआप हलतं. गॅप वाढवला तर पॉइंट लवकर उघडतात आणि टायमिंग पुढे जातं, म्हणजे ठिणगी आधी पडते. लोक टायमिंग लावून मग पॉइंट घासत बसतात आणि डोकं धरतात.

तुमच्या इंजिनाला जुने पॉइंट असतील तर सोळा थाऊ (इंचाचे हजारावे भाग), नवे असतील तर एकोणीस, कारण नव्याचा ठोकळा थोडा झिजतो. फायरिंग ऑर्डर १-५-३-६-२-४, रोटर वरून बघताना घड्याळाच्या दिशेने फिरतो.

प्लग काढा, ओळीने मांडा, रंग सांगा. धुवू नका.

---

कुळागरवाला | सोमवार, रात्री ८:१५

काका, सगळं केलं.

कॉम्प्रेशन सहाही सिलिंडरचं ११८ ते १२६ च्या मध्ये. टॅपेट ठीक. पॉइंटचा गॅप तेरा थाऊ निघाला, सोळा केला.

प्लग वर्तमानपत्रावर ओळीने मांडले. १ आणि ६ पांढरट. २ आणि ५ विटकरी. ३ आणि ४ काळपट, कोरडी काजळी. बायको म्हणाली, रांगोळी छान जमलीय.

टायमिंग लाइट मित्राकडून आणली. फ्लायव्हीलच्या खिडकीतून आयडलला बॉल (फ्लायव्हीलवरची टायमिंगची खूण) बरोब्बर काट्यावर. (गॅप बदलल्यावर थोडा पुढे सरकला होता, पुन्हा लावला.) म्हणजे टायमिंग बरोबरच आहे ना? मग जेटच?

---

व्हॅक्यूम_गेज | सोमवार, रात्री ९:०२

थांबा थांबा. जेट मागवू नका.

आधी प्लगचं. तुमचा रंगक्रम हा सरळ सहाचा जन्मजात स्वभाव आहे. एक कार्बोरेटर, तो मधोमध, आणि खाली लांबलचक मॅनिफोल्ड. ३ आणि ४ कार्बोरेटरच्या शेजारी राहतात, त्यांना पोटभर. १ आणि ६ टोकाला, त्यांच्यापर्यंत पोचेस्तोवर पेट्रोलचे थेंब वाटेत भिंतींना चिकटतात. लग्नाच्या पंगतीत शेवटच्या पानावर जसं श्रीखंड पोचतं तसं. थोडा फरक राहणारच. पण पांढरे जरा जास्तच पांढरे वाटतात, त्यामुळे मॅनिफोल्डच्या टोकांना हवा ओढली जातेय का ते बघा. आयडलला साबणाचं पाणी फवारा. आवाज बदलला किंवा पाणी आत ओढलं गेलं तर गॅस्केट.

आता मुख्य मुद्दा. बॉल आयडलला काट्यावर आहे म्हणजे फक्त आयडलचं टायमिंग बरोबर आहे. तो बॉल म्हणजे पिस्टन वर पोचण्याच्या ५ डिग्री आधी. पण चढावर इंजिन आयडलला थोडंच असतं?

साधा हिशेब. ५०० आरपीएमला क्रँक एका मिलिसेकंदात ३ डिग्री फिरतो. ३००० ला तेवढ्याच वेळात १८ डिग्री. मिश्रण जळायला लागणारा वेळ मात्र त्या प्रमाणात कमी होत नाही. म्हणून वेग वाढला की ठिणगी आधी पडावी लागते, आणि एकूण आकडा तिशीच्या आसपास जातो. हे काम डेल्कोच्या आत पॉइंटच्या प्लेटखाली बसलेली दोन वजनं करतात. वेग वाढला की ती बाहेर फेकली जातात आणि कॅमला पुढे ढकलतात.

व्हॅक्यूमवर टायमिंग पुढे देणारा डबा आहे ना डेल्कोला, असं कुणीतरी म्हणेल. चढावर थ्रॉटल पूर्ण उघडा असला की मॅनिफोल्डमधला व्हॅक्यूम जवळपास संपतो. डबा झोपतो. तिथे फक्त ती दोन वजनंच तुमची.

करा काय: व्हॅक्यूमची नळी काढून तोंड बंद करा. लाइट खिडकीवर धरा, कुणाला तरी हळूहळू रेज करायला सांगा. बॉल काट्यापासून सरकत खिडकीबाहेर जायला हवा. काय दिसतं ते लिहा.

---

सासष्टीकर | सोमवार, रात्री ९:४४

एवढी लाइट, गेज, मिलिसेकंद! माझे वडील कानाने टायमिंग लावायचे. डेल्को सैल करायचा, इंजिन उड्या मारायला लागेपर्यंत फिरवायचा, मग केसभर मागे. तीस वर्षं ट्रक चालवला, काही झालं नाही.

---

व्हॅक्यूम_गेज | सोमवार, रात्री ९:५८

कानाने आयडल लागतं, त्याबद्दल वाद नाही. पण आयडलला इंजिन जितकं पुढे द्याल तितकं खूश होतं. ती खुशी खरी मानून चढावर गेलात की आतून खडे वाजायला लागतात (नॉकिंग). आणि मुख्य म्हणजे वजनं जाम आहेत हे कानाला कळत नाही.

---

मेस्तकाका_म्हापसा | मंगळवार, सकाळी ६:३५

दोघांचंही बरोबर. सासष्टीकर, तुमच्या वडिलांचा "केसभर मागे" होता ना, त्यात तीस वर्षं होती. ती मापं फीलर गेजवर नसतात.

लाइट नसेल त्यांच्यासाठी बल्बची पद्धत सांगून ठेवतो. बारा व्होल्टचा छोटा बल्ब घ्या, एक तार कॉइलच्या डेल्कोकडच्या टर्मिनलला, दुसरी बॉडीला. चावी चालू. पॉइंट मिटलेले असतील तर बल्ब बंद, उघडले की पेटतो. इंजिन हाताने, चालण्याच्या दिशेनेच फिरवत बॉल काट्यावर आणा. पुढे गेला तर तसाच मागे आणू नका. पाव फेरा मागे नेऊन पुन्हा पुढून या, नाहीतर गिअरमधली ढील फसवते. मग डेल्को रोटरच्या उलट दिशेला हळू फिरवा, बल्ब पेटला तिथे आवळा. आमच्या मेस्तकडे बल्बही नव्हता. सिगारेटच्या पाकिटावरचा पातळ कागद पॉइंटमध्ये धरायचा, कागद सुटला की टायमिंग.

आणि फिरवताना लक्षात ठेवा, डेल्को क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. तिथली एक डिग्री म्हणजे क्रँकच्या दोन.

---

कुळागरवाला | मंगळवार, रात्री १०:२०

सापडलं!!

मुलाला अॅक्सिलरेटरवर बसवलं, मी स्टार्टरजवळ वाकून लाइट धरली. बॉलला बायकोचं नेलपॉलिश लावलं होतं, लालभडक दिसत होता. मुलगा रेज करतोय, इंजिन ओरडतंय, आणि बॉल काट्याला चिकटून बसलेला. एक केसही हलला नाही. आधी वाटलं लाइट बिघडली. पुन्हा केलं. तेच.

मग डेल्को बाहेर काढला. (काढण्याआधी रोटर कुठे बघतोय त्याची खूण बॉडीवर करून ठेवली. कुणीतरी जुन्या धाग्यात लिहिलं होतं, त्यांचे आभार.) रोटर धरून पुढे पिळला. चांगल्या डेल्कोत तो थोडा फिरून स्प्रिंगने टचकन मागे यायला पाहिजे म्हणतात. माझा दगडासारखा. पॉइंटची प्लेट उतरवली तर खाली गूळ. खरंच गूळ. जुनं ग्रीस काळं, घट्ट, चिक्कीसारखं झालेलं, त्यात गंजाचा चुरा मिसळलेला. दोन्ही वजनं खिळ्यांवर अशी बसली होती जणू वेल्डिंग केलंय. पंधरा पावसाळे गोठ्याशेजारी, आणखी काय होणार. इंजिनाचा नट न नट उघडून साफ झाला, पण डेल्को वरून पुसला, रंगवला आणि परत बसवला. रंग मात्र छान दिलाय.

रात्रभर रॉकेलमध्ये टाकून ठेवतोय.

---

चढणीवरचा | मंगळवार, रात्री १०:२६

म्हणजे चिरे उतरवायची गरज नव्हती. फी परत.

---

जोंगा३९५६ | मंगळवार, रात्री १०:५०

माझा "नियम" मी मागे घेतो. उद्या जोंगाचा डेल्को उघडून बघणार आहे, आता झोप लागणार नाही.

---

मेस्तकाका_म्हापसा | बुधवार, सकाळी ६:४०

बघा. टोपीखाली.

साफ केल्यावर वजनांच्या खिळ्यांना मशीनचं तेल एकेक थेंब. ग्रीस नको, परत गूळ होईल. कॅमच्या ठोकळ्यावर मात्र ग्रीसचा पुसट हात, मोहरीएवढा. जास्त झालं की उडून पॉइंटवर जातं. स्प्रिंग दोन्ही सारख्याच असतील असं नाही, काढताना कुठली कुठे होती ते लिहून ठेवा. शाफ्ट बाजूने हलवून बघा. बुश झिजला असेल तर सहाही सिलिंडरना वेगवेगळा गॅप मिळतो आणि मग टायमिंग नाचतं.

---

कुळागरवाला | शुक्रवार, रात्री ९:१०

वजनं सुटली. शाफ्टला ढील नाही. सगळं जोडून लाइट धरली. मुलाने रेज केलं तसा लाल ठिपका काट्यावरून सरकला आणि खिडकीतून निघूनच गेला. अॅक्सिलरेटर सोडला की परत जागेवर. आम्ही दोघांनी उगाचच दहा वेळा केलं.

आज तोच अर्धा टन, तोच चढ. तिसऱ्यात गेला! पूर्ण वर, गिअर न बदलता. वर थांबून मॅनिफोल्ड बघितला, काळाच.

पण दोन गोष्टी राहिल्या. एक, पूर्ण दाबल्यावर अधूनमधून अजून एखादी बारीक शिंक येते. दोन, रविवारी चोर्ला घाट चढायचाय, तिथे आतून खडे वाजले तर?

---

व्हॅक्यूम_गेज | शुक्रवार, रात्री १०:००

अभिनंदन. आता कार्बोरेटरची पाळी, आता त्याला अर्थ आहे. साबणाच्या पाण्याचं काय झालं?

उरलेली शिंक हा खरा लीनपणा असू शकतो, आणि इथे जोंगावाल्यांचा मुद्दा पुन्हा जिवंत होतो. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला वजनाने साधारण १४.७ भाग हवा लागते. इथेनॉलला फक्त ९. वीस टक्के इथेनॉल मिसळलं की हा आकडा साडेतेरावर येतो. तुमचा जेट १९५७ च्या पेट्रोलसाठी भोक पाडलेला आहे, त्यामुळे आजच्या पेट्रोलवर मिश्रण सात-आठ टक्के लीन. नव्या गाड्यांत सेन्सर ते ओळखून भरून काढतो. आपल्याकडे सेन्सर म्हणजे काळेपांढरे प्लग.

क्षेत्रफळ सात टक्के वाढवायचं तर व्यास साडेतीन टक्के. रॉचेस्टरच्या जेटवरचा आकडा थाऊमध्ये असतो. ५६ असेल तर ५८. त्याच्या पुढे जाऊ नका. आणि कृपया जुना जेट ड्रिलने वाढवू नका. भोकाचे काठ खरवडले की त्या आकड्याला अर्थ राहत नाही.

---

सासष्टीकर | शनिवार, सकाळी ८:१२

इथेनॉलचं आणखी एक. ते पाणी ओढतं. आपल्याकडे जूनपासून हवेतच पाणी. अशा गाड्या महिना-महिना उभ्या असतात, मग पाणी आणि इथेनॉल पेट्रोलपासून वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं, आणि पाइप तळातूनच ओढतो. माझ्या पंपाचा जुना रबरी पडदा फुगून फाटला, पेट्रोल थेट ऑइलमध्ये. डिपस्टिकला वास आला म्हणून कळलं, नाहीतर बेअरिंग गेली असती. पडदा, पाइप, अॅक्सिलरेटर पंपाचा वॉशर हे सगळं इथेनॉल चालणाऱ्या रबराचं बघून घ्या. पावसाळ्यात उभा ठेवणार असाल तर टाकी एकतर पूर्ण भरलेली, नाहीतर पूर्ण रिकामी.

---

मेस्तकाका_म्हापसा | शनिवार, सकाळी ९:०५

रॉचेस्टर बी असेल तर आणखी एक खोड बघा. वरचं झाकण काढून काचेवर ठेवा आणि खाली कागद सरकतो का बघा. हे झाकण वाकतं. लोक स्क्रू जीव खाऊन आवळतात, गॅस्केट गळतं, मग अजून आवळतात. पॉवर व्हॉल्वचा पिस्टन त्याच झाकणात, व्हॅक्यूमवर चालतो. झाकण वाकलं की तिथला व्हॅक्यूम गळतो आणि पॉवर व्हॉल्व भलत्या वेळी उघडा. तेव्हा प्लग काळे. तुमचे ३-४ काळे आहेत त्यात याचाही हात असू शकेल.

चोर्ल्याला भिऊ नका. बॉलवरचं ५ डिग्री हे त्या काळच्या कमी ऑक्टेनच्या पेट्रोलसाठी ठरवलेलं. आज साधं पेट्रोल ९१ ऑक्टेनचं, ई-२० तर ९५ चं. उलट दोन-तीन डिग्री पुढे द्यायला वाव आहे. पण एका वेळी दोन डिग्री, आणि खिडक्या उघड्या ठेवून चढा. पत्र्याच्या डब्यात चणे हलवल्यासारखा आवाज आला की थोडं मागे. एकदाच आला आणि गेला तर हरकत नाही. सतत आला तर तिथेच उतरून डेल्को मागे करा, घरी जाऊन नको. पिस्टन वाट बघत नाही.

---

सत्तरीकर | शनिवार, दुपारी १:३०

मधेच एक विषयांतर. १९५७ चा शेवरोले, म्हणजे गोवा मुक्तीच्या आधीचा. स्टिअरिंग डावीकडे की उजवीकडे? आमच्या आजोळी एक जुनी गाडी होती डाव्या स्टिअरिंगची, त्यावरून घरात नेहमी वाद.

---

कुळागरवाला | शनिवार, दुपारी २:१०

उजवीकडे. पोर्तुगालने स्वतःच्या देशात १९२८ साली वाहतूक उजव्या बाजूला नेली, पण गोव्यात ती डावीकडेच राहिली. शेजारी सगळा हिंदुस्थान डावीकडून चालणारा, घाट उतरून आलं की बाजू बदलायची म्हणजे रोज अपघात. आजोबा सांगायचे की तेव्हा पलीकडे मुंबईत जनरल मोटर्सचा शिवडीचा जोडणी कारखाना बंद झाला होता (१९२८ ते १९५४ चालला), आणि आमच्याकडे मात्र बोटीतून नवीकोरी गाडी उतरत होती. हे सांगताना त्यांचा आवाज अजून चढायचा.

साबणाचं पाणी: पुढच्या टोकाला, १ नंबरपाशी, बुडबुडे आत ओढले गेले. मॅनिफोल्डचे नट सैल होते, जेमतेम हाताने आवळलेले. पुढचा नट अर्धा फेरा फिरला. झाकण काचेवर ठेवलं, मधे कागद आरपार जातो. जेट ५६ निघाला. काका, तुम्ही ज्योतिष बघता का?

---

कुळागरवाला | सोमवार, रात्री ९:३०

चोर्ल्याचा अहवाल.

झाकण काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून, आठाचा आकडा काढत घासून सपाट केलं. तासभर लागला, हात भरून आले. ५८ चा जेट एका ओळखीच्या माणसाच्या भंगार कार्बोरेटरमधून मिळाला. टायमिंग बॉलच्या दोन डिग्री पुढे.

साखळीहून निघालो, मागे वाळूच्या गोणी, साधारण तेवढाच अर्धा टन. घाट सुरू झाल्यावर दुसऱ्या-तिसऱ्यात मजेत. शिंक एकही नाही. अर्ध्या वाटेत एका वळणावर तिसऱ्यात ओढत असताना ते चणे वाजले. अगदी काकांनी लिहिलेला आवाज. मी दुसऱ्यात टाकला, थांबले. पुढच्या वळणावर पुन्हा. मग झाडाखाली उभा केला आणि केसभर मागे. (सासष्टीकर, तुमच्या वडिलांची आठवण काढली.) त्यानंतर माथ्यापर्यंत, म्हणजे ८०० मीटरपर्यंत, एकदाही नाही. घरी येऊन लाइटने बघितलं तर बॉलच्या जेमतेम एक डिग्री पुढे. तिथेच ठेवलाय.

व्हॅक्यूम आयडलला १९ इंच, सुई स्थिर. प्लग: १ आणि ६ आता फिकट विटकरी, ३-४ अजून थोडे गडद.

---

व्हॅक्यूम_गेज | सोमवार, रात्री ९:४१

याच्या पुढे काहीही करू नका. खरंच. हात खिशात.

---

नवशिक्या_फोर्ड | मंगळवार, सकाळी ११:००

एवढ्या कटकटीपेक्षा पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन का नाही लावत?

---

मेस्तकाका_म्हापसा | मंगळवार, दुपारी १२:२०

लावा की. चांगलं असतं. पण ते पॉइंटच्या जागी बसतं, वजनांच्या जागी नाही. या बाबांनी ते लावलं असतं तरी खालचा गूळ तसाच राहिला असता, आणि चढही.

शिवाय पॉइंट रस्त्यात बिघडले तर नेलफाइलनेही चालतात. ते मॉड्यूल गेलं की टो करणाऱ्याचा नंबर लावायचा.

---

कुळागरवाला | रविवार, रात्री ११:१५

शेवटची खबर, आणि एक नवीन भानगड.

फोंड्याच्या शिगम्याला गावच्या मंडळाचा चित्ररथ आमच्याच ट्रकवर होता. पुढे रोमटामेळ, मागे आम्ही. तीन तास पहिल्या गिअरमध्ये, माणसाच्या चालीने, ढोल थांबले की थांबायचं. तासाभराने आयडल डगमगायला लागलं, मग बंद. पुन्हा चालू होईना. कार्बोरेटरमध्ये बघितलं तर आतून पेट्रोल उकळल्याचा बुडबुड आवाज. ओला पंचा इंजिनावरच्या पेट्रोल पंपावर टाकला, दहा मिनिटांनी चालू. पाठीमागचा रथवाला काय काय बोलला ते इथे लिहीत नाही.

घरी येऊन बघतो तर कार्बोरेटरच्या खाली एक्झॉस्टमध्ये ती थंडीसाठीची झडप असते ना, गरम हवा वर वळवणारी, तिचं वजन गंजून बंद स्थितीत अडकलेलं. म्हणजे सगळी गरम धग थेट कार्बोरेटरच्या बुडाला. आपल्या हवेत ती हवीच कशाला? तेल घालून, ठोकून मोकळी केली आणि उघड्या बाजूला तारेने बांधून टाकली.

---

मेस्तकाका_म्हापसा | सोमवार, सकाळी ६:४५

तार बरोबर. आम्हीही बांधायचो. सकाळी पहिली दोन मिनिटं चोक जरा जास्त ओढा, एवढंच.

डेल्कोतला कंडेन्सर बदलला का? तीन तास गरम झालाय.

---

कुळागरवाला | सोमवार, सकाळी ७:३०

नवा आणून लावला होता काका, गेल्या आठवड्यात. बाणस्तारीच्या पुलावर मेला. जुनाच परत बसवलाय. नवा टूलबॉक्समध्ये आहे, मुलगा खेळतो त्याच्याशी.